नागपुरात केंब्रिज बोर्डाची शाळा बघताय? फीच्या आधी पेपर ५ की पेपर ६ ते विचारा

मोठ्या मुलीचं आयजीसीएसई (म्हणजे केंब्रिजची दहावी) इथल्याच एका केंब्रिज शाळेतून झालं, आता ती तिथेच ए लेव्हलला (म्हणजे अकरावी-बारावीला) आहे, धाकटा तिथेच स्टेज ६ मध्ये आहे, आणि ॲडमिशनचा सीझन आला की ओळखीतले सगळे विचारून राहिले असतात, ताई शाळा कशी आहे, ब्रिटिश बोर्डात टाकू का पोराला. दरवेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून टाकते. शाळेचं नाव लिहीत नाही कारण काही तक्रारी आहेत आणि त्या एका शाळेला चिकटवून पळून जायचं नाहीये मला, इथे लिहिलेलं कुठल्याही केंब्रिज शाळेला विचारता येतं. बिल्डिंग, बस, स्विमिंग पूल यावर एक अक्षर नाही, फक्त अभ्यास.

आधी एक गोष्ट. वर्धा रोड घ्या, काटोल रोड घ्या, हिंगण्याकडे जा, ‘इंटरनॅशनल’ लिहिलेल्या पाट्या भरपूर दिसतात, पण त्यातल्या कितीतरी शाळा चक्क सीबीएसई आहेत, इंटरनॅशनल हे फक्त नावात. काही ठिकाणी खाली केंब्रिज प्रायमरी आणि वर गेल्यावर सीबीएसई असंही असतं. त्यामुळे पहिल्या भेटीतच विचारायचं, तुमचा केंब्रिजचा सेंटर नंबर काय आणि तुम्ही कुठपर्यंत शिकवता, आयजीसीएसईपर्यंत की ए लेव्हलपर्यंत. केंब्रिजच्या वेबसाईटवर शाळा शोधायची सोय आहे, पाच मिनिटांत कळतं. आणि ब्रिटिश म्हणजे केंब्रिजच असंही नाही, पिअर्सन एडेक्सेल नावाचं दुसरं बोर्ड आहे, त्यांचीही इंटरनॅशनल जीसीएसई असते. आमची केंब्रिजची, म्हणून पुढचं सगळं केंब्रिजबद्दल.

रचना सोपी आहे. साधारण पाच ते अकरा वयापर्यंत प्रायमरी, स्टेज १ ते ६, मग चौदापर्यंत लोअर सेकंडरी म्हणजे स्टेज ७, ८, ९, त्यानंतर दोन वर्षांचं आयजीसीएसई म्हणजे आपली नववी-दहावी, आणि शेवटची दोन वर्षं एएस (पहिलं वर्ष) आणि ए लेव्हल. स्टेज ६ आणि स्टेज ९ च्या शेवटी चेकपॉइंट असतं, इंग्लिश, मॅथ्स आणि सायन्सचं, आणि ते पेपर शाळेत नाही, केंब्रिजकडे तपासले जातात. या चेकपॉइंटचा रिपोर्ट मला फार आवडतो कारण त्यात नुसता एक आकडा नसतो, कुठल्या भागात पोरगं कच्चं आहे ते वेगळं दिसतं. मुलीच्या स्टेज ९ च्या रिपोर्टमधून कळलं की अल्जेब्रा चांगलं आणि भूमिती ढिली, आम्ही सुट्टीत तेवढंच घेऊन बसलो. शाळेनं मात्र तो रिपोर्ट पीटीएममध्ये हातात दिला आणि ‘व्हेरी गुड, व्हेरी गुड’ म्हणून पुढच्या पालकांना बोलावलं. अरे एवढा चांगला कागद आहे तर बसून समजावून सांगा ना, बऱ्याच पालकांनी तो फाईलला लावून टाकला.

प्रायमरीबद्दल माझं मत एकदम चांगलं आहे. सायन्समध्ये पोरांना आधी अंदाज बांधायला लावतात, मग करून बघायला, मग अंदाज बरोबर आला की नाही आणि का ते लिहायला. धाकट्यानं स्टेज ४ ला असताना घरात कूलरसमोर ओला रुमाल आणि कूलरपासून लांब ओला रुमाल असे दोन टांगले आणि घड्याळ घेऊन बसला, कुणी सांगितलं नव्हतं, वर्गात फेअर टेस्ट शिकवली होती म्हणून दोन्ही रुमाल सारखेच पाहिजेत यावर अडून बसला. रामन सायन्स सेंटरला नेलं तेव्हाही बटणं दाबत सुटला नाही, एकेका मॉडेलसमोर थांबून का होतं ते विचारत होता. हे शाळेनं दिलंय, आम्ही नाही.

पाढ्यांचा प्रश्न सगळे आजी-आजोबा विचारतात म्हणून सांगते. खुद्द इंग्लंडात इयर ४ च्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची सरकारी टेस्ट होते ती १२ च्या पाढ्यापर्यंतच. इथेही त्याच्यापुढे कोणी फारसं जात नाही. सासऱ्यांनी घरी तीसपर्यंत करून घेतले आणि ते मुलांच्या फार कामी आले, पुढे सांगते कुठे.

आता खरा मुद्दा. आयजीसीएसईमध्ये बऱ्याच विषयांना दोन पातळ्या असतात, कोअर आणि एक्सटेंडेड. कोअरला बसलं की जास्तीत जास्त सी ग्रेड मिळते, पेपर कितीही भारी लिहा. एक्सटेंडेडला ए स्टार ते ई. म्हणजे कोणाला कुठे बसवायचं हा निर्णय मुलाच्या मार्कांवर सरळ झाकण ठेवू शकतो, आणि हा निर्णय शाळा घेते. आमच्या शाळेत एक गोष्ट चांगली होती, नववीच्या शेवटी लेखी कळवलं की तुमचं मूल या विषयात एक्सटेंडेडला जातंय, या विषयात अजून ठरलेलं नाही, आणि मॉक म्हणजे सराव परीक्षेनंतर बदलता येईल. पण माझ्या एका मैत्रिणीच्या मुलाचं, दुसरी शाळा, तिला परीक्षेची एंट्री केंब्रिजला पाठवून झाल्यावर कळलं की मॅथ्स कोअर भरलंय. तोपर्यंत तिला हे दोन प्रकार असतात हेच कोणी सांगितलं नव्हतं. शाळेला सोपं पडतं हो, कोअरला पास होणारे जास्त दिसतात. म्हणून नववीतच विचारा आणि कागदावर घ्या.

आणि याहून मोठं म्हणजे प्रॅक्टिकल. हे नीट वाचा, कारण ॲडमिशनच्या काउंटरवर हे कोणी स्वतःहून सांगत नाही.

फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी तिन्हीत प्रत्येक मुलाला तीन पेपर असतात. एक्सटेंडेडवाल्याला पेपर २, तो ४० एमसीक्यूचा, त्याला ३० टक्के. पेपर ४ थिअरी, त्याला ५० टक्के. उरलेले २० टक्के प्रॅक्टिकलचे, आणि इथे शाळेला निवड असते, पेपर ५ किंवा पेपर ६. पेपर ५ म्हणजे खरोखर लॅबमध्ये उभं राहून करायचं, ब्युरेट भरा, टायट्रेशन करा, कुठला क्षार आहे ते ओळखा, ज्योतीचा रंग बघा आणि निरीक्षण लिहा. पेपर ६ म्हणजे अल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल, सगळं कागदावर, ब्युरेटचं चित्र दिलेलं असतं, त्यावरून रीडिंग लिहा, टेबल भरा, ग्राफ काढा, प्रयोग कसा कराल ते लिहा. मार्क दोन्हीला ४० च. सिलॅबसमध्ये स्पष्ट आहे की दोन्ही पेपर त्याच कौशल्यांचे आहेत, म्हणजे पेपर ६ वाल्यांनीही दोन वर्षं लॅबमध्ये काम केलेलं असावं हीच अपेक्षा आहे.

होतं काय की शाळा पेपर ६ निवडते आणि मग लॅबच बंद. पेपर ५ ला सामान लागतं, केमिकल लागतात, लॅब असिस्टंट लागतो, परीक्षेच्या दिवशी सगळं तयार ठेवावं लागतं, खर्च आहे, धावपळ आहे. पेपर ६ ला एक हॉल पुरतो. आमच्याकडे पेपर ६ होता, आणि पहिलं पूर्ण वर्ष केमिस्ट्रीची लॅब जवळपास पाहुण्यांना दाखवायलाच होती, चकाचक, काचेची कपाटं, बाटल्यांना सीलसुद्धा तसंच. मुलगी सांगायची, आई आम्ही टायट्रेशनचा व्हिडिओ बघितला. व्हिडिओ! एवढी फी भरून व्हिडिओ बघायचा तर तो घरी मोबाईलवरही दिसतो. लिथियमची ज्योत लाल, सोडियमची पिवळी, पोटॅशियमची जांभळट, हे तिनं घोकून पाठ केलं होतं पण एकही रंग डोळ्यांनी बघितला नव्हता.

आम्ही काही पालक मिळून भेटलो, भांडलो नाही, सिलॅबसची प्रिंट घेऊन गेलो आणि त्यातलं पान समोर ठेवलं. शाळेनं ऐकलं हे मात्र मानलं पाहिजे. शनिवारी लॅबचे तास सुरू केले, छोटे ग्रुप, आणि दहावीच्या वर्षात बऱ्यापैकी प्रयोग झाले. पण जे नववीत व्हायला पाहिजे होतं ते दहावीत घाईघाईत झालं.

याचा परिणाम कुठे दिसला? ए लेव्हलला. तिथे फिजिक्सचा पेपर ३ प्रॅक्टिकलच असतो, अल्टरनेटिव्ह वगैरे काही नाही, हातात वस्तू घेऊन रीडिंग घ्यायचे, किती अनिश्चितता आहे ते लिहायचं. आयजीसीएसईला ए स्टार आणलेली मुलं, सर्किट जोडायला सांगितलं की एकमेकांकडे बघत होती. माझ्या मुलीचे पहिले दोन-तीन महिने यातच गेले, घरी येऊन रडायची की मला थिअरी सगळी येते मग हे का जमत नाही. तिला जमत नव्हतं कारण कोणी तिच्या हातात दिलंच नव्हतं. पोरीचा काही दोष नव्हता यात. मला याचा फार राग आहे, आजही आहे. कुठल्याही शाळेत गेलात तर लॅब बघू नका, लॅबचं रजिस्टर बघा. मागच्या महिन्यात नववीनं कुठले प्रयोग केले, कुठल्या तारखांना, आणि तुम्ही पेपर ५ देता की ६. या एका प्रश्नावर समोरचा अडखळला तर तुमचं उत्तर मिळालं.

मॅथ्स आमच्या शाळेचा सगळ्यात भक्कम विषय. मॅडम जुन्या आहेत, टिकून आहेत, आणि मार्क स्कीम पोरांना वाचायला शिकवतात. केंब्रिजमध्ये मेथडला मार्क असतात, उत्तर चुकलं तरी पायऱ्या बरोबर असतील तर मिळतात, त्यामुळे तोंडी गणित करून नुसतं उत्तर लिहिणारी आपली हुशार पोट्टे मंडळी इथे मार खातात. २०२५ पासून मॅथ्सचा एक पेपर कॅल्क्युलेटरशिवाय आहे, आधी सगळीकडे कॅल्क्युलेटर चालायचा. एक्सटेंडेडला शंभर-शंभर मार्कांचे दोन पेपर, एक विना कॅल्क्युलेटर, एक कॅल्क्युलेटरसह. इथे ते तीसपर्यंतचे पाढे कामी आले बघा. वर्गातली अर्धी पोरं अपूर्णांकांच्या भागाकारातच अडकत होती कारण सहावी-सातवीपासून बोटं कॅल्क्युलेटरवर. लोअर सेकंडरीतच शाळेनं कॅल्क्युलेटर कमी करायला पाहिजे, हे मी लेखी दिलंय.

जिऑग्राफीबद्दल तर मी तासभर बोलू शकते. त्या सरांनी ऊर्जेच्या धड्याला कोराडीचं औष्णिक वीज केंद्र घेतलं. पुस्तकात दुसऱ्या देशातलं उदाहरण होतं, पण केस स्टडी कुठलीही चालते, तर सर म्हणाले बाप्पा आपल्या दाराशी ६६० मेगावॅटचे संच आहेत आणि आपण बाहेरचं कशाला पाठ करायचं. कोळसा कुठून येतो, पाणी कुठून, राख कुठे जाते, आजूबाजूच्या गावांना काय होतं, नोकऱ्या किती, सगळं पोरांनी शोधलं. नदीच्या फिल्डवर्कला शहराबाहेर एका ओढ्यावर नेलं, रुंदी मोजली, खोली मोजली, संत्रं सोडून प्रवाहाचा वेग काढला. तिथेही कोर्सवर्क (स्वतः फिल्डवर्क करून लिहायचं) किंवा अल्टरनेटिव्ह टू कोर्सवर्क (नुसता लेखी पेपर) अशी निवड असते आणि शाळेनं अल्टरनेटिव्हच घेतलं होतं, तरी सरांनी फिल्डवर्क केलं. म्हणजे बघा, तोच नियम, तीच शाळा, तशीच पळवाट समोर, पण एका शिक्षकानं ती घेतली नाही. त्या वर्गातली पोरं आजही नदी बघितली की काठाची झीज बघतात.

हिस्टरीत व्हर्सायचा तह, लीग ऑफ नेशन्स, शीतयुद्ध, हे सगळं खूप खोलात आहे आणि सोर्स तपासायला शिकवतात, हे चित्र कोणी काढलं, कशासाठी काढलं, यावर किती विश्वास ठेवायचा. ही सवय मला अमूल्य वाटते. पण आपला इतिहास जवळपास नाही. स्टेट बोर्डाची मुलं चौथीत अख्खं वर्ष शिवाजी महाराज शिकतात, आमच्या पोरांना तेवढं शाळेतून मिळालं नाही, ते घरीच करावं लागलं, गोष्टी सांगून, किल्ले दाखवून. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी याचा विचार करावा.

मराठीचं तर सांगूच नका. २०२० च्या कायद्यानं महाराष्ट्रात कुठल्याही बोर्डाच्या शाळेत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे. आमच्याकडे तास आहे, पुस्तक आहे, मॅडम आहेत. पण आठवड्यात तास इतके कमी आणि मॉकच्या काळात पहिला तास मराठीचाच कापला जातो, मुलांना बरोबर कळतं की शाळा कशाला किंमत देते आणि कशाला नाही. आयजीसीएसईला दुसरी भाषा म्हणून आमच्याकडे हिंदी किंवा फ्रेंच, त्यामुळे मराठीच्या मार्कांचं पोरांना काही वाटत नाही. धाकट्याला आजीची चिठ्ठी वाचायला वेळ लागतो, मला ते लागतं मनाला. मॅडम चांगल्या आहेत, त्यांना वेळ द्या एवढंच मागणं आहे.

शिक्षक टिकत नाहीत हा नागपुरातला मोठा प्रॉब्लेम. इथे जेईई-नीटचे क्लासेस गल्लोगल्ली आहेत, चांगला फिजिक्स-केमिस्ट्रीवाला तिकडे जातो कारण पैसे जास्त. आमच्या केमिस्ट्रीच्या सरांनी वर्षाच्या मध्येच शाळा सोडली आणि जे आले ते आधी सीबीएसई शिकवत होते, ज्ञान भरपूर, पण केंब्रिजच्या प्रश्नात ‘डिस्क्राइब’ आणि ‘एक्सप्लेन’ यांना वेगळं उत्तर लागतं हे त्यांना समजायलाच एक टर्म गेली. डिस्क्राइब म्हणजे काय होतं ते, एक्सप्लेन म्हणजे का होतं ते, तीन मार्क असतील तर तीन वेगळे मुद्दे. पोरांनी पानभर लिहिलं आणि एक मार्क मिळाला. जुने पेपर आणि मार्क स्कीम सहज मिळतात, एक्झामिनर रिपोर्टही असतात ज्यात मुलं नेमकी कुठे चुकतात ते लिहिलेलं असतं, पालकांनीही वाचण्यासारखे आहेत ते. शाळेत विचारा, दहावीला शिकवणारे किती वर्षांपासून इथे आहेत आणि नवीन आले तर त्यांना केंब्रिजचं ट्रेनिंग कधी देता.

आता सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, पुढे काय. दहावीनंतर अकरावीत स्टेट बोर्डात जाता येतं, ऑनलाइन ॲडमिशनमध्ये आयजीसीएसईवाल्यांनाही जागा असते, ग्रेडचे टक्के करून धरतात. बहुतेक पोरं तेच करतात आणि सोबत क्लास लावतात. त्यात वाईट काही नाही, पण सिलॅबसची उडी मोठी आहे. एमएचटी सीईटीत २० टक्के अकरावीचं आणि ८० टक्के बारावीचं येतं, तेही स्टेट बोर्डाचं, त्यामुळे पहिले सहा महिने जोर लावावा लागतो.

ए लेव्हल करून जेईई द्यायची असेल तर दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. ए लेव्हलच्या नेहमीच्या मॅथ्समध्ये मॅट्रिक्स आणि डिटर्मिनंट नाहीत, ते फर्दर मॅथ्स नावाच्या वेगळ्या विषयात जातात, जेईईला मात्र लागतात. दुसरं, व्हीएनआयटीसारख्या एनआयटीला बारावीत ७५ टक्के किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमध्ये लागतं आणि ते टक्के पाच विषयांवर मोजतात, ए लेव्हलची पोरं साधारण तीन विषय घेतात. चौथा-पाचवा कसा बसवायचा, एएसला इंग्लिश घ्यायचं का, हे अकरावीतच ठरवावं लागतं. आमच्या शाळेचे काउन्सेलर परदेशातल्या युनिव्हर्सिटीचं सगळं फार छान सांगतात, कुठला निबंध, कुठली डेडलाइन, पण इथल्या ॲडमिशनचं विचारलं की एआययूच्या वेबसाईटवर बघा म्हणतात. नागपुरातली बहुतांश पोरं इथेच शिकणार आहेत, त्यांच्यासाठी कोणी तरी हे शिकून घ्यायला नको का? एआययू म्हणजे असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, समकक्षतेचं सर्टिफिकेट तिकडून लागतं, आणि आयजीसीएसई दहावीच्या बरोबरीचं धरायला इंग्लिश धरून निदान पाच विषय हवेत. काही पालक मुलाच्या आवडीनं चारच विषय घ्यायला निघालेले मी स्वतः बघितलेत.

आणि परीक्षेचा महिना. केंब्रिजची जूनची सिरीज एप्रिल संपता संपता सुरू होते आणि मे पूर्ण चालते. नागपूरचा मे सांगायला नको, दुपारच्या पेपरला पोरगं ४५ डिग्रीतून येणार. रिझल्ट ऑगस्टमध्ये, तोपर्यंत इथल्या ॲडमिशनच्या फेऱ्या बरेचदा सुरू होऊन गेलेल्या असतात. भारतासाठी मार्चची वेगळी सिरीज आहे, रिझल्ट मे मध्ये येतो, ती इथल्या मुलांसाठी हजार पटीनं सोयीची, पण त्यात सगळे विषय नसतात आणि शाळेनं ती घ्यायचं ठरवावं लागतं. मुलीच्या अकरावीच्या वेळी मी फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स मार्चला देणार का हे मेलवर विचारलं आणि मेलवरच हो घेतलं. शाळेनं पाळलंय, एएसचे तिचे तिन्ही विषय मार्चलाच झाले, कूलर लावायच्या आधी.